ढोलक कुठं गेली?

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी हिंगणघाटातल्या एका चर्चच्या कोठीत बसलेला असतो. व्यासपीठामागची आठ बाय दहाची खोली. तिच्यात सतरंज्यांच्या गुंडाळ्या, नाताळचा कागदी तारा, भाता फाटलेली जुनी पेटी आणि माझं टेबल. टेबलावर एक डिजिटल मिक्सर, लॅपटॉप आणि काच तडकलेला साधा मोबाइल. कानांवर हेडफोन. भिंतीपलीकडं शे-सव्वाशे माणसं उभी राहून गात असतात. त्यांना आवाज नीट ऐकवायला सभागृहात दुसरा मुलगा बसलेला असतो. माझं काम जे आले नाहीत त्यांच्यासाठी आहे. कोणाची आजी खाटेवर आहे, कोणाचा मुलगा नोकरीला पुण्यात आहे, कोणी नागपूरच्या दवाखान्यात भरती आहे. ही सगळी माणसं त्या वेळी फोन उशाशी ठेवून उपासना ऐकतात. आणि संत तुकडोजी वार्डात, आमच्या घरच्या ओसरीवर, माझे बाबाही ऐकतात.

मी ख्रिस्ती नाही. साउंडचं काम करतो, बावीस वर्षं झाली. लग्नं, गणपती, भीमजयंती, भागवत सप्ताह, एप्रिलअखेरची तुकडोजी महाराजांची ग्रामजयंती, सगळीकडं माझे बॉक्स लागतात. चर्चचं काम आलं ते २०२० साली. मार्चअखेर सगळं बंद झालं, लग्नसराई गेली, बॉक्सवर खोळी चढल्या. १२ एप्रिलला ईस्टर होता. आधीच्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला, "भाऊ, या वर्षी मंडळी येऊ शकत नाही, पण उपासना घरोघरी पोचली पाहिजे. कसं करायचं सांगा." त्यांचं घर चर्चच्या आवारातच. मी फोनवरून सांगत गेलो : पंखा बंद करा, मोबाइल छातीपासून हातभर अंतरावर ठेवा, खिडकीवर चादर टाका. त्या रिकाम्या सभागृहात एक माणूस आणि एक मोबाइल. आवाज स्वच्छ गेला. एकट्या माणसाचा आवाज पाठवणं सोपं असतं, हे मला तेव्हा कळायचं होतं.

१६ नोव्हेंबर २०२०ला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. मंडळी परत आली, वाद्यं परत आली, पण लाइव्ह थांबलं नाही. ज्यांना चर्चची पायरी चढवत नव्हती त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उपासना मिळू लागली होती, आता ती कोण काढून घेणार? मग त्या नाताळला मी सभागृहातल्या मिक्सरमधून एक वायर काढून लॅपटॉपला जोडली. सभागृहात गाणी अशी रंगली की विचारू नका. ढोलक, टाळ, कीबोर्ड, बेस गिटार, ऑक्टोपॅड, पाच गाणारे. मी खूश होऊन घरी आलो. संध्याकाळपासून मेसेज सुरू झाले. "ढोलक कुठं गेली?" "ऑक्टोपॅड तेवढा ऐकू येतोय." एकानं विचारलं, "या वर्षी गर्दी नव्हती का?"

मी रेकॉर्डिंग लावलं. कीबोर्ड अगदी कानाशी. गाणारे कोरडे, जणू कपाटात उभे राहून गातायत. ढोलक शेजारच्या घरात वाजल्यासारखी. आणि माणसं? दीडशे माणसं गात होती. रेकॉर्डिंगमध्ये एकही नव्हतं.

सभागृहाचा आवाज आणि घरी जाणारा आवाज एका मिक्सरमधून का जाऊ शकत नाही, याचं उत्तर त्या हरवलेल्या ढोलकीत आहे. आमचं सभागृह चाळीस फूट लांब, वर पत्रे, खाली फरशी. ढोलकवाला पहिल्या ओळीपासून दहा फुटांवर बसतो. त्याची थाप माईकशिवायच मागच्या भिंतीपर्यंत जाते. तेव्हा सभागृहातला साउंडवाला काय करतो? ढोलकीचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती कळ, खाली ठेवतो, कधी बंदच करतो. कीबोर्डला आणि ऑक्टोपॅडला मात्र स्वतःचा आवाज नसतो. ते वायरमधून स्पीकरला दिले तरच ऐकू येतात, म्हणून त्यांचे फेडर वर. मंडळी गाते तिला तर माईक लागतच नाही. म्हणजे मिक्सरमधून जातं ते सगळं गाणं नसतं. सभागृहात जे कमी पडतं तेवढंच मिक्सरमधून जातं. वरणात वरून टाकलेलं चिमूटभर मीठ नुसतं जिभेवर ठेवून वरण कसं झालं ते सांगता येईल का? तसं मी त्या नाताळला घरोघरी वरून टाकलेलं मीठ पाठवलं होतं. खोलीत जे सगळ्यात मोठं वाजतं ते वायरमध्ये सगळ्यात लहान असतं. हे वाक्य मी हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

उपाय माहितीचा आहे, लागते ती मेहनत. प्रत्येक माईकचा आवाज मिक्सरमध्ये शिरला की त्याचे दोन वाटे करायचे. एका टाकीला दोन नळ असतात तसं. एक नळ सभागृहाचा, एक घरचा. दुसऱ्या नळाला आम्ही ऑक्स म्हणतो. तो पहिल्या फेडरच्या आधी काढला, की सभागृहातल्या मुलानं ढोलक कितीही खाली नेली तरी घरी जाणारी ढोलक हलत नाही. आता आमच्याकडं माझा मिक्सरच वेगळा आहे. स्टेजवरचं प्रत्येक वाद्य दोन्हीकडं स्वतंत्र येतं.

पण नळ वेगळा काढून भागत नाही, कानही वेगळे करावे लागतात. पहिले दोन महिने मी सभागृहातच मागं बसून हेडफोन लावून काम करत होतो, तरी ढोलक कमीच जायची. का? हेडफोन कितीही घट्ट असला तरी ढोलकीचा खर्ज छातीतून आणि कवटीच्या हाडांतून आत शिरतोच. मला वाटायचं, पुरेशी आहे. होती, पण ती हवेतली होती, वायरमधली नव्हती. म्हणून कोठीत आलो. इथंही भिंतीतून थोडा धम्म येतो, मग मी गीत संपल्यावर दहा-वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग परत लावून ऐकतो, शांततेत. तेच खरं.

मंडळीच्या आवाजासाठी व्यासपीठाच्या दोन कडांना, माणसाच्या डोक्याच्या दोन हात वर, दोन कंडेन्सर माईक लावले. तोंड मंडळीकडं, पाठ स्पीकरकडं. असा माईक फार हळवा असतो, त्याला मिक्सरमधून त्याच वायरनं ४८ व्होल्ट वर पाठवावे लागतात तेव्हा तो जागा होतो. सभागृहात असे माईक उघडले असते तर लगेच शिट्टी सुरू झाली असती, कारण स्पीकरचा आवाज माईकमध्ये आणि माईकचा स्पीकरमध्ये गरगरत राहतो. माझ्या वाटेत स्पीकर नाहीच. घरचं मिक्सिंग करणाऱ्याला ही मोकळीक असते, ती पुरेपूर वापरावी.

या दोन माईकांनी मला जे शिकवलं ते कुठल्या यंत्राच्या पुस्तकात मिळालं नसतं. डावीकडच्या माईकमध्ये एका बाईचा आवाज सारखा वर यायचा. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसणाऱ्या एक बाई, वरच्या पट्टीत, किंचित उशिरा गाणाऱ्या. मला तो आवाज खुपायचा. एका रविवारी मी तो माईक हातभर सरकवून उजवीकडं वळवला. सगळं एकजीव झालं, मला बरं वाटलं. दुपारी पाळकसाहेबांच्या फोनवर पुण्याहून मेसेज आला : "आज आईचा आवाज आला नाही. बरी आहे ना?" पाळकसाहेबांनी तो मला दाखवला, काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मी माईक परत जागेवर नेला. अगदी पूर्वीच्या जागी नाही, अर्ध्यावर. तिथं तो आजही आहे.

विदर्भात या माईकांचा खरा शत्रू म्हणजे कूलर. मार्चपासून जूनपर्यंत चार मोठे कूलर लागतात, आणि ४५ अंशांच्या उन्हात ते बंद करा असं कोणाला सांगायचं? पंख्याची खर्जातली घरघर खालचा भाग कापून जाते, शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं मी मंडळीच्या माईकांतून काढूनच टाकतो. पण पाण्याची आणि हवेची सळसळ सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते. ती कापायला गेलं तर माणसंही कापली जातात. तिथं मिक्सर हात टेकतो. कूलर माईकच्या पाठीमागच्या बाजूला हलवणं आणि माईक माणसांच्या अजून जवळ नेणं, एवढंच हातात राहतं. साउंडच्या अर्ध्या अडचणी बटणानं सुटत नाहीत, जागा बदलून सुटतात.

उपदेश सुरू झाला की मी हे दोन माईक खाली नेतो, पण कधीच बंद करत नाही. एकदा केले होते. पाळकसाहेब वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायला थांबले की घरी ठार शांतता, आणि लोकांना वाटायचं नेट गेलं. माणसं जिथं बसली असतात तिथली शांतता पूर्ण रिकामी नसते. तिच्यात कोणाचं पान उलटणं असतं, लेकराची चुळबुळ असते. तेवढं राहू द्यावं.

आता बाबांविषयी सांगतो, कारण गेली चार वर्षं माझं मिक्सिंग त्यांच्या कानांवर पारखलं जातं.

बाबा इथल्या एका गिरणीत विणाईखात्यात होते. तीस वर्षं मागांपुढं उभे. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी मँचेस्टरच्या बाजारात होतं, आणि गावात गिरण्यांचे भोंगे वेळ सांगायचे, हे वाचकांना माहीत असेल. मागांच्या खात्यातला आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. आजचे तज्ज्ञ सांगतात, ८५ डेसिबलमध्ये माणसानं आठ तास काम करावं, आणि पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. या हिशेबानं शंभर डेसिबलमध्ये पंधरा मिनिटं होतात. बाबांची पाळी आठ तासांची होती. कानात घालायला काही नाही, फार तर रुईचा बोळा.

गोंगाटानं कान जातात तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही. आधी जातो तो चार हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग. आपल्या बोलण्यात स्वर खाली असतात, दोनशे ते हजार-दीड हजार हर्ट्झमध्ये. आवाजाचं वजन तिथं असतं. व्यंजनं वर असतात. श, स, फ, थ, ट यांची धार दोन हजारांच्या वरच. म्हणून अशा माणसाला बोलणारा ऐकू येतो, पण काय बोलला ते कळत नाही. बाबांचं वाक्य ठरलेलं : "आवाज तं येते रे, पण बोल समजत नाही." पहिल्यांदा त्यांना मी चर्चचं लाइव्ह ऐकवलं, प्रयोग म्हणून. गाण्यात 'शांती' शब्द होता. बाबा म्हणाले, "आंती काय म्हणून राह्यले ते?"

मग मी ठरवलं, बाबांना शब्द समजला तर सगळ्यांना समजेल. उपासनेत शब्द कळले नाहीत तर उरलेल्या वाद्यांना काही अर्थ नाही, असं माझं मत आहे, आणि गावोगावच्या भजनात बसून ते झालं आहे. तेव्हापासून गाणाऱ्यांच्या आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडी उचल देतो, तीन डेसिबल, जास्त नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच पट्टीतून इतरांना बाजूला करतो. कीबोर्डवाल्या मुलाला चकचकीत आवाज आवडतो, त्याचा तो भाग मी खाली आणतो. गिटारचाही. गर्दीत एखाद्याला वाट द्यायची तर त्याला ढकलण्यापेक्षा बाकीच्यांना अर्धं पाऊल मागं घेणं सोपं. आणि गाणाऱ्यांना सांगितलं, माईक ओठांपासून चार बोटं धरा, आइस्क्रीमसारखा तोंडात नको. फार जवळ आला की खर्ज फुगतो आणि 'प्र', 'भ'ची हवा माईकवर आदळते. 'प्रभू' शब्दात दोन्ही आहेत, प्रत्येक गीतात दहा वेळा.

टाळ हे वेगळं प्रकरण. पितळेच्या त्या दोन वाट्यांचा आवाज अगदी व्यंजनांच्या पट्टीतच असतो, आणि माईकला तो फार आवडतो. सभागृहात गोड वाटणारे टाळ घरी फोनवर शब्दांवर खिळे ठोकल्यासारखे येतात. मी त्यांना स्वतःचा माईकच देत नाही. पाच गाणाऱ्यांच्या आणि मंडळीच्या माईकांत ते येतात तेवढे पुरतात. पण एक गोष्ट मला करता आली नाही. बाबा स्वतः तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे जुने भजनी, खंजिरीवर हात चालायचा. १९५५ साली तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन जपानच्या विश्वधर्म परिषदेत गेले होते, ती गोष्ट ते आजही सांगतात. खंजिरीची थाप त्यांना ऐकू येते, तिच्या कडेच्या चकत्यांची छनछन येत नाही. टाळ येत नाहीत. त्यांच्यासाठी एकदा मी टाळ भरपूर वर केले, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बंद करा हो, कान फाटून राह्यले." कानातल्या ज्या बारीक पेशी गेल्या त्या परत उगवत नाहीत. मिक्सरनं शब्द समजावून देता येतो, टाळ परत देता येत नाहीत.

तडकलेल्या काचेचा तो मोबाइल टेबलावर कशाला, तर लोक यावरच ऐकतात म्हणून. महागड्या हेडफोनवर मिक्स सुरेख वाटतं आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर बेस गिटार नाहीसा होतो. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. फोनचा स्पीकर तीनशेच्या खाली जवळजवळ मुका. मग काय, बेस सोडून द्यायचा? इथं मेंदू मदतीला येतो. कुठल्याही तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर असतात. ४१च्या वर ८२, १२३, १६४ अशी शिडी. खालच्या पायऱ्या गायब असल्या तरी वरच्या पायऱ्यांमधलं अंतर ओळखून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून फोनसाठी बेसचा खर्ज वाढवण्यात अर्थ नाही, त्याच्या वरच्या पायऱ्या उठवाव्या लागतात. ढोलकीचंही तसंच. डग्ग्याकडची घूम फोनवर मरते, बोटांच्या थापेचा कडक भाग जिवंत राहतो. तो पकडायला मी दुसरा माईक चाटीच्या बाजूला लावला. त्या रविवारी "ढोलक कुठं गेली" विचारणाऱ्याचाच मेसेज आला : "आज आली."

आवाज किती मोठा पाठवायचा, हाही घोळ होता. मिक्सरवरचा हिरवा-लाल मीटर आवाजाचं टोक दाखवतो. टोक म्हणजे वजन नव्हे. आमच्या बाजार समितीत कापसाचा ढीग पाहून कोणी भाव देत नाही, काट्यावर घालतात. ढीग उंच असून हलका असू शकतो. आवाजाचा असा काटा आता आहे, त्याच्या मापाला एलयूएफएस म्हणतात. माणसाच्या कानाला कुठली पट्टी किती मोठी वाटते ते धरून, सगळ्या कार्यक्रमाचं वजन तो सांगतो. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी २०१०मध्ये उणे २३ हा आकडा ठरवला. यूट्यूब त्याहून मोठा आवाज चालवतं, उणे १४च्या वर गेलेले व्हिडिओ ते खाली ओढतं, पण लहान आवाजाचे वर उचलत नाही. मी उणे १६च्या आसपास राहतो. उपासनेची अडचण अशी, की पाळकसाहेब प्रार्थना कुजबुजीत करतात आणि पुढच्या क्षणी सगळा बँड सुरू होतो. घरच्यानं प्रार्थनेसाठी आवाज वाढवलेला, गीत सुरू झालं की पाळण्यातलं लेकरू दचकून उठतं. म्हणून प्रार्थना हातानं वर नेतो आणि बँडवर कंप्रेसर ठेवतो. त्याचं काम नावातच आहे. इथल्या प्रेसिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, तसा तो आवाजाचे उंचवटे दाबून बसवतो. रुई कितीही दाबली तरी फुगून परत येते. आवाज फार दाबला की त्याचा श्वास जातो, आणि ढोलकवाल्यानं अंतऱ्याला दिलेला जोर सपाट होतो. तो जोर त्याच्या मनगटातून आलेला असतो, तो मोडायचा मला अधिकार नाही.

चित्र आणि आवाज यांचा मेळही बसवावा लागतो. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमधून जाताना मागं पडतं, आवाज पुढं धावतो. आवाज ओठांच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी डोळ्यांना खटकतं. उशिरा आला तर सव्वाशेपर्यंत चालून जातं, कारण वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. मी आवाजाला मुद्दाम थांबवून चित्राबरोबर सोडतो. दुसरी कटकट विजेच्या हमची. हम म्हणजे ती ५० हर्ट्झची गुणगुण, बहुतेक वेळा कीबोर्डच्या अ‍ॅडॅप्टरमधून किंवा इन्व्हर्टरवर गेल्यावर येते. कीबोर्डच्या वायरीत हम तोडणारा डीआय बॉक्स लावावा. प्लगची अर्थिंगची पिन तोडून हम घालवणारे मी पाहिलेत. तसं कोणीही करू नये, माईक ओठाला लागला की जीव जातो.

गीतांबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते चर्चमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. त्यांनी माझ्या हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, "चाल बघून मिक्सिंग करत जा." यात दोन घराणी एकत्र नांदतात. एक पाश्चात्य चालींची गीतं, सगळी मंडळी एकदम, लांब स्वर धरून गाते. दुसरं नारायण वामन टिळकांसारख्यांनी आणलेलं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि भजन त्यांनी सोडलं नाही, ते चर्चमध्ये नेलं. पहिल्या प्रकारात कीबोर्ड जमीन असतो आणि मंडळीचे माईक सुरुवातीपासून उघडे. दुसऱ्यात एक जण ओळ टाकतो, मंडळी ती उचलते. तिथं ओळ टाकताना मी ढोलक नि मंडळी किंचित मागं ठेवतो आणि ओळ उचलताना दोन्ही एकदम पुढं आणतो. पूर्ण गाणंभर बोटं फेडरवर. हे मला कोणी शिकवायला नको होतं. बाबांच्या मंडळात लहानपणी मी तेच ऐकत मोठा झालो, फक्त नावं वेगळी होती.

उपासना अशी घरी पाठवण्याचं काम जुनं आहे. रेडिओवरून चर्चची उपासना पहिल्यांदा गेली ती २ जानेवारी १९२१ला, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून, केडीकेए या स्टेशनवरून. स्टेशन सुरू होऊन दोनच महिने झाले होते. त्या दिवशी दोन तंत्रज्ञ चर्चमध्ये होते, एक कॅथलिक आणि एक ज्यू. भक्तांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. ही गोष्ट वाचली तेव्हा मी कोठीतल्या सतरंज्यांकडं पाहत बराच वेळ बसलो. शंभर वर्षांपूर्वी परक्या देवळात बसून, न आलेल्या माणसांसाठी कान लावून बसलेली ती दोन माणसं मला शेजारी बसल्यासारखी वाटली.

गेल्या रविवारी पावसाची सर आली आणि पत्र्यांवर असा मारा झाला की मंडळीचे माईक उपासनेच्या मध्यात खाली आणावे लागले. शेवटच्या गीतापर्यंत सर ओसरली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, आमेन झालं, कीबोर्डनं शेवटचा स्वर धरून सोडला. इथं बहुतेक लाइव्ह बंद होतात. मी उलट करतो. गाणाऱ्यांचे, वाद्यांचे माईक बंद करतो आणि मंडळीचे दोन माईक सावकाश वर नेतो. खुर्च्या सरकतात. कोणी कोणाला "सलाम" म्हणतं. पोरं बाहेर पळतात, बायका डब्यांबद्दल बोलतात, ढोलकवाला ढोलक फरशीवर टेकवतो तेव्हा धप्प आवाज येतो. खाटेवरच्या आजीला मंडळीतून निघताना जे ऐकू यायचं ते हेच.

पाऊण मिनिटानं फोन वाजला. बाबा.

"सुटली ना रे उपासना? ढोलक खाली ठेवली त्यानं."

"हो बाबा, सुटली."

"मंग ये जेवाले."

मी दोन्ही फेडर खाली आणले.